तोळाभर शिसे

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमध्ये बंदुकीचा विषय निघाला की बोलणे स्वातंत्र्यलढ्यातल्या तुफान सेनेवर येते. जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ, 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे. शिकारीपर्यंत ते सहसा जात नाही. तरी ठासणीच्या बंदुकीने एल्कसारखे मोठे जनावर पाडायचे तर गोळी कोणती घ्यावी, हा अमेरिकी शिकाऱ्यांचा जुना वाद या गावाला अगदीच परका नाही. शेजारच्या सागरेश्वर अभयारण्यात सांबर आहे, आणि एल्क हे अमेरिकी हरीण त्याच्याच कुळातले. सांबराचा जवान नर अडीच-तीनशे किलोंपर्यंत भरतो, एल्कचा त्याहूनही जड.

ठासणीत धातूचे काडतूस नसते. नळीच्या तोंडातून अर्धा तोळा दारू ओतायची, तेल लावलेल्या चिंधीत गोळी बसवायची, गजाने ती दारूवर टेकेपर्यंत ठासायची, मग ठिणगी देणारी केप चढवायची. गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फाटायची भीती. एवढे करून बार एकच निघतो. दुसरा भरेपर्यंत सराईत हातालाही अर्धे मिनिट लागते, तोवर जनावर डोंगराआड. चुकले तर सावरून घ्यायची सोय नाही, म्हणून गोळीचा विचार घरीच करावा लागतो.

जुनी गोळी म्हणजे मऊ शिशाचा गोल मणी. शिसे 327 अंशांना वितळते, त्यामुळे घरच्या चुलीवरही साच्यात ओतता येते. वजन ग्रेनमध्ये सांगतात, पण आपल्याला तोळा बरा: ब्रिटिश अमदानीतला तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता. अर्धा इंची नळीची गोल गोळी साधारण 177 ग्रेन, म्हणजे जवळजवळ तोळाभर. लहान हरणाला ती पुरते. एल्कसाठी मात्र जाणकार .54 इंची नळी घेतात, तिची गोळी सव्वा तोळ्याची. गोळीचा व्यास जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला, वजन सव्वापट झाले. एवढ्या फरकावर बरगडी फोडून फुप्फुसापलीकडे जायचे की अलीकडेच थांबायचे, हे ठरू शकते.

गोल गोळीचा दम हवेत लवकर सुटतो. लांबट गोळी त्याच अर्ध्या इंची नळीत दोन-सव्वादोन तोळ्यांची बसते, वेग कमी असूनही खोल शिरते. खांद्याला मात्र जबर दणका देते. या जातीतली सर्वांत गाजलेली गोळी फ्रान्सच्या मिनिए याने 1849 मध्ये पुढे आणली. बूड पोकळ, बार उडाला की ते फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसते. त्याच घराण्यातली गोळी एनफिल्ड रायफलीत आली, आणि तिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून 1857 मध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिसरा प्रकार प्लॅस्टिकच्या खोळीतल्या लहान, वेगवान गोळीचा. कोलोरॅडो राज्याने ठासणीच्या हंगामात त्यावर बंदी घातली आहे, आणि एल्कसाठी किमान अर्ध्या इंचाची नळी सक्तीची केली आहे. मला विचाराल तर पन्नास पावलांच्या आत सव्वा तोळ्याचा मणी, त्यापुढे लांबट गोळी, आणि शंभराच्या पुढे चापाला बोटच लावू नये.

आपल्याकडच्या चोरट्या शिकारीत हा विवेक कुठला? गुळगुळीत नळीत मूठभर छर्रे कोंबून झाडाआडून बार काढायचा. एकेक छर्रा रतीभराचा, सांबराच्या जाड कातड्याखाली अडकणारा. जनावर जागेवर मरत नाही, पळते, आणि दूर कुठेतरी सडून मरते. मुळात सांबराची शिकारच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तो कायदा राबवणारे वनक्षेत्रपाल ज्या संस्थांत घडतात, त्यांतली एक वन प्रबोधिनी कुंडललाच आहे. सागरेश्वरचे रान तर माणसाने लावलेले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगर हिरवे झाले, हरणे आणून सोडली, आणि 1985 मध्ये 10.87 चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले.

तीच हरणे कुंपण ओलांडून पिकात शिरतात, तेव्हा शेतकरी चिडतो. त्याला पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात तशी स्वतंत्र तरतूदच आहे. पण त्या परवान्यावर सांबर मारता येत नाही. म्हणजे बंदूक कायदेशीर, दारू कायदेशीर, आणि पिकात उभ्या सांबरापुढे नळीत दारूवर नुसती चिंधी ठासून आवाज काढायचा, एवढेच हातात उरते.