ओठ, पेला आणि पहिला घोट

आमच्या फडताळात एक चांदीचं बोंडलं आहे. वाटीसारखं पोट आणि पुढे निमुळती चोच. घरातल्या तीन पिढ्यांनी त्यातून औषध घेतलं, वरचं दूध घेतलं. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, चोच ओठांच्या कडेला लावायची आणि बारीक धार सोडायची, अशी रीत. पुढे घरात बाटली आली. बोंडल्याची धार मोठ्यांच्या हातात असायची, बाटलीची धार निपलच्या भोकावर ठरू लागली. उघड्या पेल्यातून मात्र घोट केव्हा घ्यायचा, केवढा घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे बाळ स्वतः ठरवतं. गेल्या दिवाळीत सात महिन्यांच्या नातीला फुलपात्रातून पाणी प्यायला शिकवताना हा फरक मला पहिल्यांदा नीट कळला.

तान्ह्यांचाही पेला

पेल्याने पिणं हे मोठ्या मुलांचं काम, असं आपल्याला वाटतं. पण दिवस भरण्याआधी जन्मलेली, अंगावर ओढून पिण्याची ताकद अजून न आलेली बाळंसुद्धा लहानशा पेल्यातून दूध घेतात. प्रशिक्षित परिचारिका किंवा आई बाळाला जवळजवळ बसतं धरते आणि पेल्याची कड खालच्या ओठावर अलगद टेकवते. दूध फक्त ओठांपर्यंत पोचेल इतकाच पेला कलता ठेवायचा, तोंडात ओतायचं नाही. वासाने बाळ जागं होतं, जीभ बाहेर काढून लपलप दूध चाटू लागतं. पूर्ण दिवसांचं बाळ सुरकन ओढून घेतं, थोडं सांडतंही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आईचं दूध सहजी न मिळणाऱ्या अशाच नाजूक बाळांसाठी. त्यांच्यापर्यंत दूध पोचतं ते नळीने, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यासारख्या पलाडाईने.

बाटलीबद्दल डॉक्टर इतके सावध का असतात, याचं उत्तर घासणीपाशी आहे. निपलच्या आतल्या वळणात, झाकणाच्या आट्यांत दुधाचा पातळ थर राहतो आणि त्यात जंतू वाढतात. त्यातून जुलाब होतात. पेला आतून-बाहेरून दिसतो, साबणाने एका हाताने घासता येतो. म्हणूनच पूर किंवा भूकंपानंतर मदतकार्यात बाटल्या वाटू नयेत, पेले वापरावेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये बाळदुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली, तिच्यात बाटल्या आणि निपलही आले. भारताने १९९२ मध्ये कायदा केला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. आपल्याकडे दूधबाटलीची जाहिरात करता येत नाही, ती या कायद्यामुळे.

सहावा महिना का?

सहा महिने पुरे होईपर्यंत निरोगी बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, पाणीही नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. विदर्भातल्या मे महिन्यातही अंगावर पिणाऱ्या बाळाची तहान त्यातच भागते.

सहाव्या महिन्याच्या सुमाराला दोन गोष्टी जुळून येतात. मान सावरलेली असते, आधाराने बसता येतं. आणि तोंडात काही गेलं की जिभेने बाहेर ढकलायची उपजत सवय ओसरू लागते. आतापर्यंत जीभ मागे-पुढे हलवून दूध ओढणं एवढंच तिला ठाऊक होतं. पेल्यासाठी नवं कसब लागतं. जबडा स्थिर ठेवायचा, खालचा ओठ कडेला टेकवायचा, वरचा ओठ पाण्यापर्यंत आणायचा, घोट जिभेवर धरायचा, क्षणभर श्वास थांबवून गिळायचं. सुरुवातीला बाळं पेल्याची कड हिरड्यांनी चावतात. तो हट्ट नसतो. डगमगणाऱ्या जबड्याला ती आधार शोधत असतात.

रीत

आपल्या घरात याचं साधन आधीच असतं. उष्टावणात आलेलं छोटं फुलपात्र किंवा रोजची स्टीलची वाटी. कड पातळ पण गुळगुळीत हवी, धार लागणारी नको. काच नको. बाळाला मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवा, लाळेरं बांधा. उकळून गार केलेलं पाणी दोन चमचे घ्या. भरलेला पेला एकदम अंगावर येतो आणि बाळ बिचकतं.

पेला समोरून दाखवा, कड खालच्या ओठावर टेकवा, पाणी ओठाला लागेल इतकंच कलतं करा आणि थांबा. हे थांबणंच सगळ्यात अवघड. आपला हात आपोआप पेला आणखी वर करतो, पाणी घशात जातं आणि ठसका लागतो. एक घोट झाला की पेला खाली घ्या, बाळाला श्वास घेऊ द्या. तोंड फिरवलं, ओठ मिटले की त्या वेळेपुरतं संपलं. जेवणाबरोबर दिवसातून दोनदा एवढा सराव पुरतो. झोपलेल्या किंवा रडणाऱ्या बाळाला पाजू नका. बाळ लवकर जन्मलेलं असेल, टाळू दुभंगलेली असेल किंवा दर वेळी ठसका लागत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पेल्यात काय घालावं? सहा ते बारा महिन्यांत दिवसाला १२० ते २४० मिलिलिटर पाणी पुष्कळ झालं. आईचं दूध काढून देता येतं. वर्षाच्या आत फळांचा रस नको, गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको, मध तर चाटवायलाही नको. वरणाचं पातळ पाणी वाटी-वाटी पाजू नका. पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. वरण घट्टच भरवावं.

साधारण वर्षाच्या सुमाराला आपण धरलेल्या पेल्यातून मूल पिऊ लागतं आणि दीड वर्षाला, मधूनमधून सांडत, स्वतः पितं. बाटली असलीच तर ती वर्षाला, फार तर दीड वर्षाला सुटावी. रात्री बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात किडतात, कारण दूध तासन् तास तिथेच साचतं. चोचीचे न सांडणारे पेले प्रवासात सोयीचे, पण त्यांच्या झडपेतून पाणी ओढावंच लागतं. म्हणजे सराव पुन्हा चोखण्याचाच.

सांडलेलं पाणी

पहिले पंधरा दिवस आमच्याकडे पाणी नातीच्या झबल्यावर, माझ्या पदरावर, जमिनीवर होतं. सून काळजीने विचारायची, पोटात काही जातंय का? त्या दिवसांत पोट भरायचं काम दूध करत होतं. पेला फक्त शिकवत होता. वाटी फार कलली की पाणी नाकाशी येतं, कमी कलली की ओठ कोरडे राहतात, हे सांडल्याशिवाय हाताला आणि ओठाला कळणार कसं? म्हणून माझी नवीन आई-बाबांना आणि आजी-आजोबांना एकच विनंती आहे. फडकं जवळ ठेवा आणि घाई बाजूला ठेवा.

आता ती दीड वर्षाची झाली आहे. दोन्ही हातांनी फुलपात्र उचलते, एक घोट घेते, थांबते, श्वास घेते, मग दुसरा घोट. थोडं हनुवटीवरून ओघळतं. त्या मधल्या थांबण्यात पूर्वी माझा हात पेल्याकडे जायचा. आता तो मांडीवरच राहतो.