कडेवरचें मूल



मुलांच्या संगोपनाविषयीं बोलावयाचें म्हटलें, कीं आपल्या डोळ्यांपुढें आई आणि तिच्या मांडीवरचें बाळ अशीं दोघेंच उभीं राहतात. वडील दाराशीं कोठें तरी असतात. या चित्रांत सहसा न येणाऱ्या एका व्यक्तीविषयीं आज मला सांगावयाचें आहे. ही व्यक्ति सात-आठ वर्षांची असते, आणि तिच्या कडेवर वर्षा-दीड वर्षाचें भावंड असतें.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागांत सातपुडा पसरला आहे. तेथील अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतलीं गांवें एका जागीं वसलेलीं नसतात. डोंगराच्या उतारांवर पाडे विखुरलेले, आणि पाड्यांतलीं घरेंही आपापल्या शेताला धरून दूर दूर. मूल तान्हें असेपर्यंत आई त्याला शेतावर नेते. बांधावरच्या झाडाला झोळी टांगली, कीं तिचे हात मोकळे होतात. परंतु मूल रांगूं लागलें, कीं झोळी पुरत नाहीं. शेतांत विळा असतो, विंचू असतो, आणि सांपडेल तें तोंडांत घालण्याचा मुलाचा उद्योग असतो. मग मूल घरीं राहतें आणि त्याच्यापाशीं राहते थोरली बहीण.

या कामांत नुसता जाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. बाळाचें पहिलें पाऊल पाहण्याचा मान पुष्कळदां या मुलीलाच मिळतो. त्याचा पहिला शब्द, पावरीतला असो कीं भिलीतला, तीच ऐकते. संध्याकाळीं आई सरपणाचा भारा टेकते न टेकते तोंच ती धांवत जाऊन वर्दी देते. आई बाळाला पुन्हां म्हणावयास लावते, बापही जवळ येऊन बसतो, आणि बाळ अशा वेळीं हटकून गप्प बसतें! हें सुख महालांतहि असेंच असतें.

अडचण येते ती खाण्याच्या वेळीं. सहा महिन्यांपर्यंत आईचें दूध पुरतें. वेगळें पाणीदेखील द्यावें लागत नाहीं. पुढें दुधाच्या जोडीला अन्न लागतें. पण आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं सुमारें पाव लिटरच अन्न मावतें. म्हणून मोठ्यांसारखें दोन वेळां जेवून त्याचें भागत नाहीं. ६ ते ८ महिन्यांच्या मुलास दिवसांतून २-३ वेळां आणि ९ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ३-४ वेळां भरवावें, शिवाय मोठ्या बाळास मध्यें एक-दोनदां कांहीं खावयास द्यावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. आईचें दूध दोन वर्षें आणि त्यापुढेंही चालूं ठेवावयाचें.

आतां आई शेतावर गेलेल्या घरांत काय घडतें तें पाहा. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी असते, उडदाची डाळ असते. अन्न चांगलेंच आहे. पण भाकरी चावावयास दाढा कोठें आहेत? मुलगी भाकरीचा तुकडा बाळाच्या हातांत देते. बाळ तो चोखतें, निम्मा मातींत पाडतें, आणि रडणें थांबलें म्हणजे त्याचें पोट भरलें असें तिला वाटतें. तिचें तरी काय चुकलें? तीही खेळण्याच्याच वयाची आहे. तीच भाकरी डाळींत मऊ कुस्करून वर चमचाभर तेल घातलें, तर ढीग न वाढतां अन्नाचें बळ वाढतें. घड्याळ नसेना; सांवली आंगणाच्या या टोकाला आली कीं एक वाटी, त्या टोकाला गेली कीं दुसरी, एवढें मुलीला दाखवून ठेवतां येतें. हात धुवून, धीरानें भरवणें मात्र तिला शिकवावें लागतें, आणि तें एका दिवसांत येत नाहीं.

उपासाचा परिणाम मुलाच्या दंडावर दिसतो. अंगणवाडींत दंडाभोंवतीं पट्टी लावून तो मोजतात. सहा महिने ते पांच वर्षें वयांत दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर मूल तीव्र कुपोषित समजून ताबडतोब उपचार करावयाचे असतात. १२.५ च्या आंत भरला तरी जपावें लागतें.

थोरल्या बहिणीची ही अडचण ज्यांनीं नेमकी ओळखली, त्या ताराबाई मोडक. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें काम आरंभिलें; अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. मुलें बालवाडींत येत नाहींत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणांत न्यावी, ही कल्पना तेथली. १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलगी शाळेंत येत नाहीं, कारण तिच्या कडेवर भावंड आहे. म्हणून तेथें पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकत्र ठेवण्यांत आलीं. भावंड पाळण्यांत, बहीण वर्गांत!

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरूं झाली, आणि अंगणवाडी गांवोगांवीं पोंचली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तेथें शिजवलेला आहार मिळतो. त्याहून लहान मुलांचा आहार घरीं नेण्यास देतात. म्हणजे कडेवरच्या मुलाला भरवणें पुन्हां घरीं, पुन्हां त्या मुलीकडेच आलें. मला या व्यवस्थेंतला हाच सांधा कच्चा वाटतो. पाड्यावरच्या तीन-चार घरांनीं मिळून आपलीं लहानगीं एखाद्या जाणत्या आजीपाशीं ठेवलीं, तर तो कांहींसा सांधेल. पण पाणी आणि सरपण यांतून त्या आजीला मोकळें करावें लागेल.

दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात. मुलीचें नांव शाळेच्या पटावर राहतें आणि ती स्वतः भावंडाला घेऊन फडाच्या कडेला बसते. निघतांना बाळाच्या वजनाचें आणि लसींचें कार्ड बोचक्यांत घालावें. भांडीं विसरलीं तर तीं तेथें मिळतील. होळीला घर गांठण्याची सर्वांची धडपड असते. जातांना कडेवर असलेलें मूल कित्येकदां बहिणीचें बोट धरून परत येतें. त्याचा दंड पहिल्याच दिवशीं मोजून घ्यावा, आणि त्याच वाटेनें थोरलीला शाळेंत पोंचवून यावें.