चवदार तळ्याचा धडा वर्गात कसा शिकवावा?

इतिहास म्हणजे काय, असे चौथी-पाचवीच्या कोणत्याही मुलाला विचारा. उत्तर ठरलेले असते : राजे, लढाया आणि सनावळ्या. किल्ला कोणी जिंकला हे मुलाला ठाऊक असते. पण त्या किल्ल्याचा दगड कोणी घडवला, गडावर पाणी कोणी वाहिले, हा प्रश्न त्याला सुचूच दिला जात नाही. मग बहुजनांच्या मुलाला वाटू लागते की, आपल्या पूर्वजांना इतिहासच नव्हता. ही समजूत एकदा मनात बसली की पुढे पदवी घेऊनही निघत नाही.

इतिहास कोणाच्या नजरेतून सांगायचा, हा प्रश्न आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला आणि त्यांना 'कुळवाडीभूषण' म्हटले. राजा तोच, पण सांगणारा बदलला आणि शेतकरी त्या इतिहासाचा मालक झाला!

बाबासाहेबांचा धडाही बहुतेक वर्गांत त्याच साच्यात शिकवला जातो. जन्म महू येथे, राज्यघटनेचे शिल्पकार, महापरिनिर्वाण १९५६; धडा संपला. आणि धडा सुरू असताना सगळा वर्ग एकाच बाकाकडे वळून पाहतो. हे महापुरुष 'त्यांचे' आहेत, एवढेच उरलेली मुले शिकतात. यात नुकसान दोन्हीकडच्या लेकरांचे आहे.

त्याऐवजी महाडचा संगर टप्प्याटप्प्याने सांगून पाहा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. येथे थांबून मुलांना विचारा : कागदावर तळे खुले झाले, मग लोक पाणी का पिऊ शकले नाहीत? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आता फळ्यावर वजाबाकी मांडा : १९३७ वजा १९२३, म्हणजे १४ वर्षे. ओंजळभर पाण्यासाठी १४ वर्षे! कायदा होणे आणि हक्क मिळणे यांत किती अंतर असते, हे मूल या एका वजाबाकीतून शिकते. ही सनावळी पाठ करावी लागत नाही. ती लक्षात राहते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : मुले लहान आहेत, त्यांना जातीपातीचे विष कशाला पाजता? या मंडळींना उत्तर सातारच्या शाळेत सापडेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाचा नऊ वर्षांचा मुलगा तेथे दाखल झाला. घरून आणलेल्या तरटावर तो वेगळा बसे. शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच! नऊ वर्षांच्या मुलाला हे सोसता येते, तर नऊ वर्षांच्या मुलाला ते समजूनही घेता येते. विष अन्यायात असते, अन्यायाच्या माहितीत नव्हे. शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला आहे. त्या दिवशी केवळ हारतुरे न घालता ही तहान वर्गात सांगितली पाहिजे.

लहान मुलाला शंभर वर्षे म्हणजे किती हे कळत नाही, हे खरे. म्हणून सुरुवात घरापासून करावी. आजी शाळेत गेली होती का? नसेल तर का नाही? आपल्या वस्तीत नळ कधी आला? त्याआधी पाणी कोठून आणत? मुलांनी हे विचारून वहीत लिहावे. दोन आज्यांची उत्तरे जुळली नाहीत तर खरे काय, हे शोधावे. पुरावा तपासणे म्हणतात ते हेच. आणि मुले इतिहास लिहू शकतात, याचा दाखला आपल्याकडेच आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला.

पाठ्यपुस्तक मंडळाकडे मागणी जरूर करावी, पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत आपले शेकडो शिक्षक आहेत. गावोगावी विहारे आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांसाठी ठेवा, वस्तीतल्या वृद्धांना बोलवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. जयंतीला डीजेवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत वह्या-पेन्सिलींचा खर्च काहीच नाही. मिरवणूक एका रात्रीत संपते. प्रश्न विचारायला शिकलेले मूल जन्मभर चळवळीच्या कामी येते.