पाठीतली सुई आणि कंबरदुखी

गुडघा बदलायचा ठरला की घरात हमखास प्रश्न निघतो: पाठीत सुई दिली तर कंबर कायमची धरेल का?

पूर्ण भुलेत औषध मेंदूवर काम करतं. रुग्ण गाढ झोपतो आणि श्वासासाठी बहुधा नळी घालावी लागते. स्पायनल भुलेत (पाठीत सुई देऊन केलेल्या भुलेत) कमरेखालचा भागच काही तास बधिर होतो. घराचा मेन स्विच बंद करणं आणि एकाच खोलीचा फ्यूज काढणं, असा हा फरक.

प्रौढ माणसात मज्जारज्जू (मेंदूतून खाली येणारा नसांचा जाड दोर) साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली जाते. तिथे पाण्यासारख्या द्रवात सुट्या नसा तरंगत असतात. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, क्वचित डोकंही दुखतं. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी अनेकदा मणक्यांच्या झिजेशी निगडित असते, आणि गुडघे झिजण्याच्या वयात ती अनेकांना आधीपासूनच असते.

स्पायनल भुलेत रुग्ण जागा असतो; ऑपरेशनमधली हातोडीची ठकठक ऐकायची धास्ती असेल, तर सोबत झोपेचं औषध मिळतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. भुलेची निवड त्यावरून बदलू शकते.