रोज हातात घेतलं की साप माणसाळतो?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये कॉर्न स्नेक नाहीतर बॉल पायथन पाळणारं कुणी भेटलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो : ‘पिल्लू आहे तोवर रोज हातात घ्या, माणसाळतं.’ कुत्र्याच्या पिल्लाचा नियम उचलून सापाला लावला, झालं! अहो, सापाला लाड कळत नाहीत. हा हात आपल्याला खात नाही, एवढंच फार तर तो शिकतो; आणि तेवढ्यासाठी रोजची उचलाउचल लागत नाही.

कॉर्न स्नेकचं नवं पिल्लू असतं जेमतेम वीत-सव्वा वीत. रानात पक्ष्यांपासून मोठ्या सापांपर्यंत सगळे त्याला खायला टपलेले. वरून आलेला हात त्याच्या लेखी शिकारीच. ते शेपूट थरथरवतं, मान मागे खेचतं, घाण वासाचा द्रव सोडतं. बॉल पायथन डोकं मधोमध खुपसून गोळा होतो, आणि मालक कौतुकानं फोटो पाठवतात, ‘बघा, किती शांत!’ शांत कसला? घाबरलाय तो.

घरी आणल्यावर निदान आठवडाभर त्याला हात लावू नका. दोन-तीनदा नीट खाल्लं, की मग आठवड्यातून एक-दोनदा, पाच-दहा मिनिटं पुरे. उचलताना बाजूनं, अंगाखाली हात घालून. खाल्ल्यावर किमान ४८ तास अजिबात नाही. पोटात उंदराचं पिल्लू असताना हलवलं तर साप ते ओकून टाकतो, आणि एवढ्याशा जिवाला ते फार महागात पडतं. डोळे निळसर-दुधी दिसू लागले, की कात टाकायची वेळ आली. तेव्हा त्याला धड दिसतही नाही. कात पडेपर्यंत थांबा. खाणं सोडलं असेल, तरी थांबाच.

‘खायला वेगळ्या डब्यात ठेवावं, नाहीतर हाताला चावतो’ हाही असाच सल्ला. त्यानं भरल्या पोटी हलवाहलव तेवढी वाढते. ‘साप बहिरा असतो’ हाही गैरसमजच : हवेतून येणाऱ्या आवाजालाही तो प्रतिसाद देतो, हे क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. माणसाला गिळण्यासाठी शेजारी ताठ झोपून माप घेणारा साप ही शुद्ध थाप. ‘घरचाच साप, जंतू कुठले?’ तर निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. हात साबणानं धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना सरपटणारे प्राणी हाताळू देऊ नका, असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, सीडीसी, सांगतं.

आणि ‘तिकडे चालतं, मग इकडेही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी : नाग, धामण, अजगर घरात ठेवणं भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला, तरी त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.