गोधडी आणि शिणलेले मन

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ५० किलोमीटरांवर रांजणगाव लागते. अष्टविनायकांतील महागणपतीचे स्थान ही त्याची जुनी ओळख. विसाव्या शतकाच्या अखेरीस गावाशेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिच्यापाठोपाठ मराठवाड्यातून, विदर्भातून, तसेच परप्रांतांतूनही तरुण कामगार येथे येऊ लागले. रांजणगाव व शेजारचे कारेगाव येथील भाड्याच्या खोल्यांतून तिघे-चौघे एकत्र राहतात. सकाळी देवदर्शनाला आलेला भाविक हार व दुर्वा घेत असतो, त्याच वेळी रात्रपाळी संपवून या तरुणांची पावले खोलीकडे वळलेली असतात. यंत्राचा घोष कानांत भरलेला, डोळे चुरचुरणारे, आणि बाहेर ऊन तर वर चढू लागलेले. अशा वेळी झोप यावी तरी कशी? देह थकलेला असतो खरा, पण मन काही यंत्रापासून सुटलेले नसते.

अशा खोलीत सामान ते किती असावयाचे? कपड्यांची एक पेटी, चार भांडी, आणि पुष्कळदा गावाहून आणलेली एक गोधडी. बाजारात हलकी, रंगीत, यंत्रावर विणलेली पांघरुणे स्वस्तात मिळत असता हे ओझे एस.टी.तून शेकडो किलोमीटर वाहून कोण कशासाठी आणील? काटकसर हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर होय. उरलेले अर्धे मनुष्याच्या त्वचेत, नाकात व स्मृतीत शोधावे लागते.

गोधडी, किंवा कित्येक ठिकाणी जिला वाकळ म्हणतात ती, शिवण्याची रीत वरवर साधी दिसते. जीर्ण झालेली लुगडी, धोतरे, सदरे यांचे तुकडे जमिनीवर पसरून थरावर थर रचावयाचे, कडा दुमडावयाच्या, आणि मग दाभणाने किंवा जाड सुईने धावदोरा घालीत जावयाचे. दुपारची कामे आटोपल्यावर दोघी-तिघी समोरासमोर बसल्या म्हणजे टाक्यांच्या ओळी हळूहळू पुढे सरकतात. गोधडीचा खरा गुण मात्र त्या कापडात आहे. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्याला जो मऊपणा येतो, तो नव्या कापडाला कितीही किंमत मोजली तरी येत नाही. नवजात अर्भकासाठी आजीच्या वापरलेल्या लुगड्याचे दुपटे शिवतात त्याचेही कारण हेच. शिवाय पांघरणाऱ्याला त्यातील तुकडा न् तुकडा ओळखीचा असतो. हा आईच्या लुगड्याचा काठ, ती थोरल्या बहिणीच्या परकराची चीट. दिवा मालवल्यावर रंग दिसेनासे झाले तरी बोटे टाक्यांवरून फिरत राहतात.

हे केवळ भावुक मनाचे बोल नव्हेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध केले. आईपासून तोडलेल्या पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवल्या होत्या. एक उघड्या तारेची, दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दूध तारेच्या मातेकडून मिळत असले तरी पिले पोट भरण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या मातेला बिलगून राहत. प्रयोग निर्दय होता यात संशय नाही. परंतु ममतेचे मूळ केवळ अन्नात आहे, ही तोवर प्रचलित असलेली समजूत त्याने खिळखिळी केली. पुढे असेही आढळून आले की, केसाळ त्वचेत काही विशिष्ट मज्जातंतू असतात, आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ गतीने होणाऱ्या मृदू स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. लेकराच्या पाठीवरून हात फिरविणाऱ्या आईने ही गती कोणत्या पुस्तकात वाचली होती?

स्पर्शाच्या जोडीला भार येतो. अलीकडे शहरांतील दुकानांतून मुद्दाम जड केलेली पांघरुणे बऱ्याच किमतीला विकली जातात. त्यांची परीक्षा स्वीडनमध्ये झाली आणि तिचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. मानसिक विकाराबरोबरच निद्रानाशाने पीडित अशा १२० रुग्णांपैकी काहींना साखळ्या घालून ६ ते ८ किलोंपर्यंत जड केलेले, तर काहींना दीड किलोचे हलके पांघरूण चार आठवडे देण्यात आले. जड पांघरुणाने निद्रानाशाची तीव्रता निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली, असे रुग्ण सुमारे ६० टक्के निघाले. हलक्याने मात्र जेमतेम ५ टक्के. हे अंतर डोळे दिपविणारे आहे खरे, परंतु येथे थोडे थबकले पाहिजे. आपल्या अंगावरील पांघरूण जड आहे की हलके, हे रुग्णापासून लपविता येत नाही, आणि नुसत्या अपेक्षेनेही गुण येत असतो. २०२२ साली स्वीडनमध्येच २६ निरोगी तरुणांवर दुसरा एक प्रयोग झाला. त्यात जड पांघरुणाखाली निद्रेला अनुकूल अशा मेलाटोनिन या द्रव्याचे लाळेतील प्रमाण वाढलेले आढळले. झोप मात्र लांबल्याचे दिसले नाही. आठ किलोंची गोधडी सहसा कोणी शिवीत नाही. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे तिला लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंगाभोवती सर्व बाजूंनी बसणाऱ्या दाबाने जिवाला स्वस्थता येते, एवढेच येथे म्हणता येते.

राहता राहिला गंध. इतर इंद्रियांचे संदेश मेंदूतील एका मधल्या ठाण्यावरून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र ते ठाणे वगळून भावना व स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत पोहोचतो. चुलीचा धूर, शेणाने सारवलेली जमीन, डब्यातील शेंगदाण्याची चटणी यांचा वास गोधडीच्या घडीत राहिलेला असतो, आणि घडी उलगडताच परगावीच्या खोलीत घर उभे राहते. क्वचित त्याने डोळ्यांत पाणीही येते. घरच्या ओढीवर गोधडी हे औषध आहे की त्या ओढीचे निमित्त, हे पहिल्या काही रात्री सांगणे अवघडच.

शहरातील सुशिक्षित घरांत या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी निराळी असते. गोधडी म्हणजे दारिद्र्याची खूण, हा समज जुना आहे. चिंध्यांची वस्त्रे ल्यालेल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, त्या नावातही तो डोकावतो. म्हणून मुलगा वसतिगृहात राहावयास निघाला की त्याच्या सामानातून गोधडी काढून तेथे नवी चादर ठेवली जाते, आणि पाच वर्षांची मुलगी दुपट्याचा फाटका कोपरा गालाशी धरून झोपते म्हणून पाहुण्यांसमोर तिची थट्टा होते. एखादे दिवशी तो कोपरा केरात जातो आणि मूल रात्रभर रडते. इंग्लंडमधील बालवैद्य डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ साली याच विषयावर निबंध वाचला. त्यांच्या मते असा चिंधीचा तुकडा हा मुलाचा हट्ट नसून आईपासून वेगळे होण्याच्या वाटेवरील त्याचा आधार असतो. ती वाट चालून झाली की त्या तुकड्याचे महत्त्व आपोआप ओसरते. हिसकावून घेतल्याने वाट लवकर संपत नाही. तो तुकडा धुतला तरी मुलाच्या अनुभवात खंड पडतो, असे विनिकॉट म्हणतात, आणि कोणत्याही आईला ते पटेल.

गोधडीला मर्यादा आहेतच. एक वर्षाच्या आतील बालकावर जड पांघरूण कदापि घालू नये. त्याला ते दूर सारता येत नाही आणि जीव गुदमरण्याचे भय असते. दम्याच्या रोग्याला जुन्या कापडातील धुळीचा त्रास होतो. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत गोधडी पांघरणे अशक्यच. तेव्हा ती अंथरावी आणि वर एखादे विरलेले सुती लुगडे घ्यावे. त्या दिवसांत खरा विसावा पाण्यातच मिळतो. गावाच्या नावात रांजण आहेच. त्यातील गार पाण्याचे हबके तोंडावर मारताच हृदयाची गती काहीशी मंदावते, आणि हेही शरीरशास्त्राला ठाऊक आहे. परंतु दर आठवड्याला पाळी बदलत असेल, दिवसा निजणाऱ्याच्या उशाशी सोबत्याचा मोबाइल वाजत असेल, तर त्याचा दोष गोधडीच्या माथी मारता येणार नाही. खिडकीला जाड पडदा लावणे आणि ज्याची झोपेची वेळ असेल त्याच्यासाठी इतरांनी शांतता राखणे, याला पैसा फारसा लागत नाही. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, मन कशातच रमत नसेल, तर मात्र डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

परगावी जाणाऱ्यासाठी गोधडी शिवताना एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दिखाऊपणासाठी कित्येकदा नवे, गुळगुळीत कृत्रिम कापड वर घालून जुने मऊ सुती लुगडे आत दडवितात. ते उलट करावे. जे लुगडे त्याच्या ओळखीचे, तेच अंगाला लागावे. आणि निघण्यापूर्वी चार रात्री घरातील कोणीतरी ती पांघरून घ्यावी. नवरात्रापूर्वी घराघरांतील अंथरुणे-पांघरुणे धुण्याची चाल आहे. त्या सुमारास शिरूरच्या घोड नदीसारख्या काठांवर गोधड्या आपटल्याचे आवाज उठतात आणि खडकांवर ओळीने त्या वाळत पडतात. ओली गोधडी एकटीच्याने उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून ती पिळावी लागते. सुट्टीवर आलेला मुलगा आपली गोधडी त्या ढिगात टाकावयास कधी कधी कां कूं करतो. अशा वेळी तिला नुसते दोन दिवस कडक ऊन दाखवावे आणि घडी करून तशीच त्याच्या पिशवीत भरावी.