बटाट्याच्या खतात पालाशाचा वाटा

शेतातून बाजारात जाणारा एक टन बटाटा आपल्याबरोबर जमिनीतले साधारण ३ किलो नत्र, १ ते दीड किलो स्फुरद आणि ५ ते ६ किलो पालाश घेऊन जातो. म्हणजे हेक्टरी २० टन उत्पादन निघाले, तर एकाच हंगामात शंभर किलोंच्या आसपास पालाश शेताबाहेर पडते. नत्र पाने आणि खोड वाढवते, स्फुरद मुळांना बळ देते, तर पालाश, म्हणजे खताच्या हिशेबातले पोटॅशियम, पानांत तयार झालेली साखर जमिनीखालच्या कंदांपर्यंत पोहोचवण्यास मदत करते आणि तिथे तिचा स्टार्च बनतो. महाराष्ट्रात बटाट्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी मात्रा सांगितली जाते, ती याच गरजेला धरून. बागायती गव्हाला मात्र ४० किलो पालाश पुरेसे मानले जाते.

प्रत्यक्षात पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या बटाटा पट्ट्यातही नत्र देणाऱ्या युरियाकडे ओढा असतो, आणि त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. युरिया टाकल्यावर आठवडाभरात पीक काळेशार दिसू लागते, पालाशाचा परिणाम मात्र काढणीपर्यंत जमिनीखालीच राहतो. शिवाय १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान लागू झाले तेव्हा युरिया त्यातून वगळला गेला, त्यामुळे त्याची किंमत सरकारी नियंत्रणात राहिली आणि स्फुरद-पालाशाची खते महागली. हे धोरण शेतकऱ्याच्या हातून जमिनीचे संतुलन बिघडवणारे ठरले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. काळ्या जमिनीत पालाश मुबलक असते, हा समज मूळचा खरा असला, तरी पालाशखाऊ पीक वर्षानुवर्षे घेतलेल्या शेतात तो माती परीक्षणाशिवाय गृहीत धरणे धोक्याचे असते.

जादा नत्राचे नुकसान दुहेरी असते. पानांची वाढ लांबते, त्यामुळे कंद धरणे पुढे ढकलले जाते, पीक उशिरा तयार होते आणि बटाट्यात पाण्याचे प्रमाण वाढून घन पदार्थ घटतो. जे नत्र पिकाने उचलले नाही, ते पावसाच्या किंवा पाटाच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते, कारण बटाट्याची मुळे उथळ असतात. म्हणूनच अर्धे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले सुमारे महिन्याभराने, वरंब्यांना मातीची भर देताना द्यायचे असते. स्फुरदाचे वागणे याच्या उलट आहे: ते जागेवरून फारसे हलत नाही आणि चुनखडीच्या जमिनीत लवकर बांधले जाते, म्हणून ते फेकून देण्याऐवजी लागवडीच्या वेळीच सरीत, बेण्याला न चिकटता पण मुळांच्या आवाक्यात, पेरून द्यावे लागते.

खताच्या वजनात सांगायचे तर १२० किलो पालाशासाठी ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश २०० किलो लागते. हे खत स्वस्त पडते, पण त्यातल्या क्लोराइडमुळे कंदातला घन पदार्थ काहीसा कमी होऊ शकतो. भाजीच्या बटाट्याला तेवढ्याने बिघडत नाही, परंतु चिप्सच्या कारखान्याला जाणाऱ्या मालात घन पदार्थ कमी भरला तर तळताना तेल जास्त शोषले जाते, म्हणून करार पद्धतीने असा माल पिकवणाऱ्याला ५० टक्के पालाश असलेले महाग सल्फेट ऑफ पोटॅश परवडते का, हे भाव ठरतानाच तपासावे लागते.